खाली वाचता येईल अशी एक रेघ

अक्का, परवा दुपारी चकोल्यांच्या कणकेत घालायला तळहातावर ओवा चोळला आणि तू स्वयंपाकघरात आलीस. तुला तुमच्या रीतीने मैंदर्गीच्या मातीत समाधीत बसवून आम्ही परतलो त्याला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. तरी तू आलीस, दाराशी चपला काढल्यास, नाक किंचित वर केलेस आणि म्हणालीस, "माझ्या लॅबचा वास चोरलीस व्हय गं?" मी वळून पाहिले तेव्हा उंबऱ्यावर ऊन होते आणि माझ्या हातात ओवा.

तुझ्या प्रयोगशाळेला हाच वास होता. लोकांनी काढून टाकलेले दात ज्या पाण्यात तू बरण्याबरण्यांतून जपून ठेवायचीस, त्यात थायमॉलचा अंश असे, आणि थायमॉल म्हणजे ओव्याचाच जीव, हे तूच मला सांगितले होतेस. दंतमहाविद्यालयाच्या त्या लांब, पांढऱ्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा मला वाटले होते, कुणीतरी बाळंतिणीची खोली धुरी देऊन नुकतीच उघडली आहे. बरण्यांत दात होते, आणि हवेत आईचे घर.

तू कोण होतीस, किती शिकलीस, हे इतरांनी लिहिले आहे. मला ते लिहायचे नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी चार वर्षे सांगितली नाही. त्या चार वर्षांतले बहुतेक सगळे शनिवार मी तुझ्यासमोर बसून होते आणि तरीही सांगितली नाही. ती सांगण्यासाठीच हा लेख आहे. बाकीचे सगळे तिथपर्यंत पोहोचण्याची वाट.

समोरासमोरच्या दारांत आपण पंधरा वर्षे राहिलो. मी कॉलेजात मराठी शिकवणारी, तू दात कसा किडतो ते शोधणारी. माणसाच्या तोंडात डोकावून हे दिसत नाही, कारण तोंड बोलते, खाते, मिटते. म्हणून तू तोंडाबाहेर एक तोंड बांधले होतेस. काचेचे एक भांडे, त्यात अंगाइतकी ऊब, मधोमध टांगलेल्या दातांच्या चकत्या आणि वरून थेंबथेंब पडणारी लाळ, कधी खरी, कधी तू क्षार मोजून बनवलेली. ठरलेल्या वेळी साखरेचे पाणी. पिंडीवर गळती ठेवावी तशी ती धार दिवसरात्र चालू असायची. बोलता बोलता तू मध्येच गप्प होऊन ती ऐकायचीस. थेंबाचा ताल चुकला की वाक्य अर्धे टाकून उठायचीस.

दातांना नेलपॉलिश लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. स्वतःच्या नखांना तू कधी रंग लावला नाहीस, पण नवी पेठेतल्या त्या दुकानात दर महिन्याला लाल बाटली घ्यायचीस. दुकानातल्या मावशींनी एकदा न राहवून विचारलेच, "मॅडम, घरात लग्न हाय काय? सारखं लाल, सारखं लाल."

"हाय की," तू गंभीरपणे म्हणालीस. "बत्तीस नवऱ्या हायत."

त्या बत्तीस जणींना तू नीट रंगवायचीस आणि प्रत्येकीवर एक इवलासा चौकोन कोरा सोडायचीस. रंगावर आम्लाचे काही चालत नाही. जे व्हायचे ते त्या चौकोनात होते. त्याला तुमच्याकडे खिडकी म्हणतात हे कळल्यावर मी चार ओळी लिहिल्या. तू वाचल्यास आणि कागद परत दिलास. "चांगलं लिहिलीस. पण ह्या खिडकीतनं उजेड येत न्हाय गं. आम्ल येतं."

त्याच दिवशी तू मला भिंगाखाली कीड दाखवलीस. मी काळा ठिपका शोधत होते. तू म्हणालीस, काळं शेवटी. सुरुवात पांढरी असते. आणि खरोखरच त्या चौकोनात एक पांढरेपण उगवले होते, दातापेक्षाही पांढरे, ओल्या पाटीवर खडू वाळावा तसे.

"वरचा पापुद्रा शाबूत ऱ्हातो," तू सांगत होतीस. "नख फिरवलं तर गुळगुळीत. पण खालनं चुना निघून गेलेला असतो."

"मग संपलंच की."

"संपलं कसं? हितनं परत फिरता येतं. लाळेतला चुना परत आत जाऊन बसतो. पापुद्रा फाटायच्या आत पायजे, एवढंच."

हे वाक्य मी तेव्हा केवळ सुंदर म्हणून मनात ठेवले.

आपले एक भांडण कायमचे अर्धे राहिले. तुझ्या वहीत चूक झाली की तू तिच्यावर एकच आडवी रेघ मारायचीस, बाजूला कारण, सही, तारीख. खालचे वाचता आले पाहिजे हा तुमचा नियम. मी मात्र कवितेतला नकोसा शब्द असा गिरगटायची की कागद पलीकडून फुगायचा, आणि तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर पानच फाडायची. तू माझ्या टेबलाखालची टोपली पाहून हळहळायचीस. "किती शब्द मारलीस गं! कोण होते ते, कळलं तरी पायजे की."

"वाचकाला माझ्या चुका कशाला दाखवू?"

"चूक दाखवत न्हाय कुणी. वाट दाखवतो. कुठनं आलीस ते."

"कविता म्हणजे प्रयोगाची वही नव्हे."

"आणि वही म्हणजे कविता न्हाय असं कोण सांगितलं तुला?"

या प्रश्नाचे उत्तर मी देणार होते. दर वेळी काहीतरी उकळून उतू जायचे, दार वाजायचे, आणि उत्तर राहून जायचे.

आता ती गोष्ट.

त्या वर्षी तुला काचेचे तोंड पुरेनासे झाले होते. खऱ्या तोंडात, खऱ्या लाळेत काय होते ते पडताळून पाहायचे होते. त्यासाठी टाळूला घट्ट बसेल अशी प्लेट, तिच्यात दाताचे चार चिमुकले तुकडे, आणि ती चौदा दिवस तोंडात बाळगणारी माणसे. दिवसातून आठ वेळा प्लेट काढायची, तुकड्यांवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडायचा, पाच मिनिटे थांबून परत घालायची. जेवताना, चहा पिताना काढून ओल्या कापडात ठेवायची. प्रत्येक वेळेची खूण तक्त्यात. एक बाई ऐनवेळी गळाली आणि तू माझ्या दारात आलीस. "तुझं तोंड दे की गं चौदा दिवस."

कुणी कधी इतक्या साधेपणाने काही मागितले नव्हते. मी दिले. माझ्या टाळूचा साचा घेतलास. पुदिन्याच्या चवीचा तो थंड लगदा तोंडात घट्ट होईपर्यंत माझा हात धरून बसलीस. त्या साच्यावरून ओतलेली प्लास्टरची टाळू अजून तुझ्या फळीवर आहे. खाली माझी आद्याक्षरे आहेत, तुझ्या गोल अक्षरात.

चौदा दिवसांत संक्रांत आली, हे आपल्या दोघींच्या लक्षात आले नव्हते. गड्ड्याच्या जत्रेहून परतणारे दारात यायचे, तीळगूळ पुढे करायचे, आणि मी पाठमोरी होऊन प्लेट काढायची. बोलले की प्रत्येक 'स' घसरून 'श' व्हायचा. आणि संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी महिला मंडळात माझे काव्यवाचन होते.

मी आदल्या दिवशी सरावासाठी प्लेट काढली. ओल्या कापडात गुंडाळून तिच्या गुलाबी डबीत ठेवली. तासाभरासाठी, असे स्वतःला सांगितले. पण जीभ टाळूला टेकली आणि तो ओला, उघडा, आपला आपल्याला परत मिळालेला घुमट मला सोडवेना. दुसऱ्या दिवशी वाचन झाले. तिसऱ्या दिवशी घालू म्हटले. अशी सहा दिवस प्लेट डबीत राहिली. साखरेचा थेंब नाही, लाळ नाही. तक्त्यातले कोरे चौकोन मी एका बैठकीत भरले, आणि खरे वाटावेत म्हणून दोन वेगवेगळ्या पेनांनी. परत द्यायच्या आदल्या दिवशी प्लेट पुन्हा तोंडात घातली.

सांगायची सर्वांत सोपी वेळ वाचनाच्या संध्याकाळीच होती. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस. संपल्यावर गर्दीतून वाट काढत आलीस आणि माझे दोन्ही हात धरलेस. "प्लेट असून काय वाचलीस गं! एक 'स' हुकला न्हाय!" तुझ्या डोळ्यांत खरे पाणी होते. माझ्या पर्समध्ये गुलाबी डबी होती. मी हसले.

पंधरवड्यानंतर तू निकाल घेऊन आलीस तेव्हा धाप लागली होती तुला. सगळ्यांचे तुकडे मऊ पडले होते, माझे त्यांच्या निम्म्यानेही नाही. "तुझ्या लाळेत काहीतरी हाय," तू म्हणालीस. "काय हाय ते मला शोधायचंय." आणि लगेच, स्वतःलाच दटावत, "पण एका तोंडावरनं शास्त्र होत न्हाय. दुसऱ्यांदा आल्याशिवाय कुणाला सांगणार न्हाय मी."

तू कुणालाही सांगितले नाहीस. वाट पाहिलीस. वर्षातून एकदोनदा विचारायचीस, पुन्हा घालतेस का प्लेट? मी म्हणायची, हिरड्या दुखतात, परीक्षा आहेत, टाळूला फोड आला आहे. "बरं, तू म्हणशील तेव्हा," तू म्हणायचीस. चार वर्षे तू माझ्या एका होकारासाठी थांबलीस.

मधल्या काळात, निदान लाळ तरी तपासू म्हणून, शनिवार सुरू झाले होते. सकाळी काही न खाता मी लॅबमध्ये यायची. तू मला मेणाचा तुकडा द्यायचीस, बेचव, आधी कडक, मग चिवट. तो चघळत मी मान खाली घालून बर्फातल्या नळीत लाळ सोडायची. मला बोलता यायचे नाही, म्हणून तू बोलायचीस. आईबद्दल, जिला तू अव्वा म्हणायचीस. लग्न न करण्याबद्दल. लहानपणी शाळेत कानडी बोललीस म्हणून हसलेल्या मुलींबद्दल, आणि घरी मराठी बोललीस म्हणून रागावलेल्या आजोबांबद्दल. नळी खुणेपर्यंत भरली की म्हणायचीस, "साकु." तुझ्या घरच्या भाषेत पुरे. मग दोघींनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खायची, खिडकीशी बसून, मागे थेंबांचा आवाज.

मी का सांगितले नाही, याचे उत्तर एवढेच आहे, अक्का. सांगितले असते तर शनिवार संपले असते. माझ्या लाळेत काही नाही हे कळल्यावर तू मला कशाला बोलावले असतेस?

आणि त्याची किंमत तू दिलीस. कारण काचेतल्या तोंडात माझी लाळ काहीच चमत्कार करीना. तिथे माझ्या लाळेखाली ठेवलेले दात इतरांच्या दातांसारखेच पांढरे पडत, मऊ होत. "तुझ्या तोंडात जे झालं ते माझ्या काचेत का होत न्हाय?" तू कपाळाला हात लावून विचारायचीस. मला नव्हे, काचेला. तुला माझ्यावर संशय आला नाही. तुला स्वतःवर आला. तीन वेळा तू ते सगळे उतरवलेस, नळ्या बदलल्यास, थेंबाची गती बदललीस, पुन्हा बांधलेस. इतक्या वर्षांच्या कामाकडे बोट दाखवून म्हणालीस, "माझ्या मॉडेलमधीच खोट असणार." मी मेण चघळत होते. तोंड बंद ठेवायला मला कारण होते.

मैंदर्गीला तुझ्या भावाच्या शेतात खड्डा घेतला तेव्हा काळ्या मातीच्या खालून पांढरे खडे निघाले. बेलाची पाने, विभूती, कानडीत म्हटलेली ती संथ वचने. तू भिंतीला टेकून बसल्यासारखी बसली होतीस, जणू थेंब ऐकत. तुझ्या भावाने एक खडा चिमटीत चुरडला. "चुनखडी हाय बाई. लई हाय ह्या वावरात." आणि त्या क्षणी, सगळे रडत असताना, मला एक विचित्र शांतता स्पर्शून गेली. जिथे चुना आहे तिथे दात विरघळत नाही. तुझे सगळे जाईल, केस, ओठ, ते गोल अक्षर काढणारी बोटे. पण ते किंचित पुढे आलेले दोन दात, हसताना खालच्या ओठावर टेकणारे, ते त्या मातीत राहतील. तुला हे सांगावेसे वाटले. तू म्हणाली असतीस, मातीचा सामू मोजलीस का आधी?

काल श्रावणी आली. तुझी विद्यार्थिनी, जिला तू लॅबमध्ये 'माझी मुलगी' म्हणायचीस आणि चिडलीस की 'राणीसाहेब'. साखरपेठेतल्या मागांच्या खडखडाटात वाढलेली ही मुलगी म्हणायची, थेंबांच्या खोलीत मला झोप येते. ती बसली, पाणी प्यायली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? शनिवारचं सॅम्पल आता मी घेतलं तर चालेल? आमच्या मॅडमचा तुमच्या लाळेचा प्रश्न राहिला ना. मी तोच पुढं घ्यायचं ठरवलंय. पुढची तीन वर्षं लागली तरी."

तीन वर्षे. तिचा चेहरा मी पाहत होते. तिथे दुःख होते, आणि दुःखाच्या आत काहीतरी करण्याची घाई. मी हो म्हटले असते तर शनिवार परत आले असते. पापुद्रा शाबूत होता.

मी सांगितले. गुलाबी डबी, सहा दिवस, दोन पेने. जसे घडले तसे, एकही विशेषण न लावता.

श्रावणीने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिचा आवाज चढला. "तीन वेळा खोललं आम्ही ते, मॅडम. तीन वेळा! आमच्या मॅडम उपाशी बसायच्या. म्हणायच्या, माझंच चुकतंय कुठंतरी." मी मान खाली घातली, शनिवारी घालायची तशी. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. आणि अचानक थांबली.

"म्हणजे काच खरं सांगत होती?"

"काय?"

"तुमची लाळ साधी आहे. काचेनं पहिल्या दिवसापासून तेच सांगितलं. मॅडम, मॉडेल बरोबर होतं! पहिल्यापासून बरोबर होतं की!" आणि ती रडू लागली, तोंडावर ओढणी धरून, हसतही होती. तुझ्या जाण्यानंतर ती रडली नव्हती असे तिची आई मला म्हणाली होती.

अक्का, हे मला सुचलेच नव्हते. चार वर्षे मी समजत होते की खरे सांगितले तर तुझ्याकडून काहीतरी हिरावले जाईल. तुला जे हवे होते ते नेमके त्या खऱ्याच्या खाली होते. तुझ्या हातांनी बांधलेले तोंड कधीच खोटे बोलले नाही. खोटे बोलले ते देवाने बांधलेले. मी वेळेवर सांगितले असते तर हे ऐकताना तुझा चेहरा कसा झाला असता? यासाठी मला कुणीही क्षमा करू शकत नाही, आणि मी मागत नाही.

आम्ही दोघी लॅबमध्ये गेलो. धार चालू होती. श्रावणीने तुझी वही काढली, ते पान उघडले. चार तुकडे, चार आकडे, आणि बाजूला तुझ्या अक्षरात तीन उद्गारचिन्हे. वहीभर दुसरीकडे कुठेही तू उद्गारचिन्ह वापरलेले नाहीस.

"खोडायचं नाही, मॅडम," पेन देताना ती म्हणाली. "एक रेघ."

"माहीत आहे."

मी एक रेघ मारली. बाजूला लिहिले: 'प्लेट सहा दिवस तोंडात नव्हती.' सही. तारीख. उद्गारचिन्हांवरून रेघ नेली नाही. ती तशीच राहू दिली.

वही मिटताना श्रावणी नाक पुसत म्हणाली, "पण शनिवारी या हां. साधी लाळपण लागतीच की आम्हाला. सगळ्यात जास्त तीच लागते."

आपल्या जुन्या भांडणात मी देणार होते ते उत्तर आता मला आठवत नाही. जाण्यापूर्वी वही पुन्हा उघडायला लावली आणि उजेडात धरली. रेघेखालचे तुझे अक्षर स्पष्ट दिसते, अक्का. प्रत्येक आकडा, प्रत्येक वळण. कुठून आले ते वाचता येते.

उद्या शनिवार आहे. मी सकाळपासून काही खाणार नाही.